एआय एजंटच्या हातात टूल देताना सोबत काय लिहून द्यायचं

मामांचा निफाड तालुक्यात कांदा आहे. त्यांच्यासाठी मी आणि माझ्या एका मित्राने मिळून एक छोटा एजंट बनवला, फोनवर मराठीत विचारायचं आणि त्याने बाजार समितीचा भाव बघून सांगायचा, एवढंच त्याचं काम. पहिल्याच दिवशी मामांनी विचारलं, ‘आज लासलगावला कांदा काय भाव?’ उत्तर आलं, ‘आज लासलगावला कांद्याचा भाव १८५० रुपये किलो आहे.’ मामांनी लगेच फोन केला. आकडा बरोबर होता, पण बाजार समितीचा भाव क्विंटलचा असतो, म्हणजे १०० किलोचा, आणि हे आमच्या एजंटला कोणी सांगितलंच नव्हतं.

आधी वाटलं मॉडेलच, म्हणजे एजंटच्या मागचं एआयच कच्चं आहे, दुसरं लावून बघू. पण शेवटी ही चूक दुरुस्त करायला आम्ही मॉडेलला हात लावला नाही आणि कोडलाही नाही, बदलला तो फक्त चार-पाच ओळींचा मजकूर, भाव आणून देणारं टूल काय करतं हे एजंटला सांगणारा. त्याला टूल डिस्क्रिप्शन म्हणतात. सध्या जो उठतो तो एजंटबद्दल बोलतोय, तो तिकीट काढेल, मेल पाठवेल, हिशेब करेल, पण हे सगळं ज्या मजकुरावर चालतं त्याबद्दल मराठीत फारसं वाचायला मिळत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

## एजंटला हात कुठून येतात

चॅटजीपीटी, क्लॉड, जेमिनाय ही मुळात वाचणारी आणि लिहिणारी मॉडेल्स आहेत. स्वतःहून ती तुमच्या बँकेत जात नाहीत की मेल पाठवत नाहीत. काम करून हवं असेल तर आपण त्यांना टूल द्यायचं. टूल म्हणजे एक छोटा प्रोग्राम, एक भाव काढून आणणारा, एक मेल पाठवणारा, एक तिकीट बुक करणारा. मॉडेल आणि त्याच्या हाताशी दिलेली टूल्स मिळून जे काम करतं त्याला एजंट म्हणायचं.

आता यातली बऱ्याच जणांना माहीत नसलेली गोष्ट अशी की मॉडेल ते टूल स्वतः चालवत नाही. होतं असं, की मामांचा प्रश्न मॉडेलकडे पाठवताना आपला प्रोग्राम सोबत टूल्सची यादी पण पाठवतो, त्यात प्रत्येकाचं नाव, ते काय करतं याचं डिस्क्रिप्शन, आणि कोणकोणते रकाने भरून द्यायचे ते. मॉडेल हे सगळं वाचतं आणि लिहून देतं की भाव काढायचं टूल चालवा, समिती लासलगाव, माल कांदा, तारीख अमुक. आपला प्रोग्राम ते खरंच चालवतो, आलेले आकडे परत मॉडेलला वाचायला देतो, आणि मग मॉडेल मामांना मराठीत उत्तर लिहितं. सगळा व्यवहार चिठ्ठ्यांचा.

चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने जून २०२३ मध्ये ही सोय ‘फंक्शन कॉलिंग’ या नावाने डेव्हलपर लोकांना दिली. नंतर नोव्हेंबर २०२४ मध्ये क्लॉड बनवणाऱ्या अँथ्रॉपिकने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल आणला, ज्याला सगळे एमसीपी म्हणतात, म्हणजे एकाने बनवलेलं टूल दुसऱ्या कोणाच्याही एजंटला जोडता यावं म्हणून ठरवलेली सामाईक पद्धत. तेव्हापासून टूल्स भराभर वाढली, आणि कोणीतरी कुठेतरी घाईत लिहिलेलं डिस्क्रिप्शन तुमचा-माझा एजंट वाचतोय अशी परिस्थिती आली.

## डबा उघडून वास घेता येत नाही

समजा आई गावाला गेलीये, घरी पाहुणे येणार आहेत, म्हणून शेजारच्या काकू एक दिवस स्वयंपाकाला आल्यात. काकूंचा हात चांगला आहे, पन्नास माणसांचं करतील. पण फळीवर तीन डबे आहेत आणि तिन्हींवर नुसतं ‘मसाला’ लिहिलंय. एकात गोडा, एकात कांदा-लसूण, एकात गरम. काकू काय करतील, झाकण काढून वास घेतील आणि पुढे जातील. आईला फोन लावतील.

मॉडेलला हे दोन्ही करता येत नाही. टूलच्या आतला कोड त्याला दिसत नाही, ते कुठून माहिती आणतं ते दिसत नाही, त्याच्यापुढे फक्त डब्यावरची चिठ्ठी असते. शिवाय काकूंना एकदा सांगितलं की दुसऱ्या दिवशी लक्षात राहतं, मॉडेलचं तसं नाही, प्रत्येक नव्या संभाषणात ते चिठ्ठ्या पहिल्यांदाच वाचल्यासारखं वाचतं. काल तुम्ही चूक दाखवली आणि त्याने ‘बरोबर आहे तुमचं’ म्हटलं तरी ती चूक चिठ्ठीवर उतरवली नाही तर उद्या परत होणार.

## आमची चिठ्ठी, आधी आणि नंतर

आधी आमच्या टूलच्या डिस्क्रिप्शनमध्ये दोनच शब्द होते: ‘बाजारभाव देतं.’ रकाने तीन, मार्केट, माल, तारीख. आम्हाला ते पुरेसं वाटलं कारण आतलं सगळं आमच्या डोक्यात होतं, आणि मला वाटतं बहुतेक वाईट डिस्क्रिप्शनं अशीच जन्माला येतात, लिहिणाऱ्याला जे इतकं माहीत असतं की सांगायचं सुचतच नाही तेच नेमकं राहून जातं.

आता तिथे जे आहे ते मराठीत असं होईल:

‘महाराष्ट्रातल्या एका बाजार समितीत एका शेतमालाला दिलेल्या तारखांना मिळालेला भाव देतं. भाव रुपये प्रति क्विंटल असतो, १ क्विंटल म्हणजे १०० किलो. उत्तरात किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर येतात. नुसता भाव विचारला असेल तर सर्वसाधारण दर आधी सांगा, मग किमान आणि कमाल. झालेल्या लिलावाचेच आकडे मिळतात, पुढचा अंदाज मिळत नाही. भाजीवाल्याकडचा किरकोळ भाव विचारला असेल तर हे टूल वापरू नका.’

आणि रकाने:

‘समिती: बाजार समितीचं नाव, जिल्ह्याचं नाही, जसं लासलगाव, पिंपळगाव बसवंत. तारीख: ‘पासून’ आणि ‘पर्यंत’, दोन्ही वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, जसं २०२५-०३-०४.’

यातलं एकही वाक्य आम्ही बसून विचार करून काढलेलं नाही, प्रत्येकामागे एकेक चूक आहे. किमान-कमालचं बघा. सुरुवातीला एजंट तीन आकड्यांतला सगळ्यात मोठा उचलून ‘भाव’ म्हणून सांगायचा. कमाल दर म्हणजे त्या दिवशी एखाद्याच ट्रॉलीला, एक नंबर मालाला मिळालेला असू शकतो, बाकीच्यांचा कांदा त्याच्या बराच खाली गेलेला असतो. तो आकडा ऐकून कोणी भाड्याचा ट्रॅक्टर सांगून माल भरला आणि तिथे गेल्यावर चारशे-पाचशेने कमी भाव मिळाला तर ते नुकसान त्या माणसाचं आहे, आमच्या चिठ्ठीतल्या एका न लिहिलेल्या वाक्यामुळे. हे लक्षात आल्यावर मी या कामाकडे कागदपत्रांचं काम म्हणून बघणं सोडलं.

तारखेचं तसंच. ०४/०३ म्हणजे आपल्याकडे ४ मार्च, अमेरिकी पद्धतीने ३ एप्रिल, आणि मॉडेलने दोन्ही प्रकार भरपूर वाचलेत. क्रम सांगितला आणि सोबत एक नमुना दिला की प्रश्न मिटला. आणि ‘जिल्ह्याचं नाही’ हे यासाठी, की नाशिक जिल्हा पण आहे आणि नाशिकची स्वतःची बाजार समिती पण आहे, मामा ‘नाशिकचा भाव’ म्हणतात तेव्हा त्यांना नक्की कुठला हवाय हे विचारून घेतलेलं बरं.

## पण मॉडेल एवढं हुशार आहे तर त्याला हे कळायला नको?

हा प्रश्न मला प्रत्येक जण विचारतो. क्विंटल म्हणजे काय ते मॉडेलला माहीत आहेच, विचारलं तर इतिहासासकट सांगेल. पण समोर नुसता १८५० आकडा आला तर त्याच्यावर ‘क्विंटल’ लिहिलेलं नसतं. जगाची माहिती असणं वेगळं आणि तुमच्या टूलने काय ठरवलंय ते माहीत असणं वेगळं.

पैशातलं उदाहरण घ्या. रेझरपे या ऑनलाइन पेमेंट घेणाऱ्या कंपनीच्या सिस्टीममध्ये रक्कम पैशांत द्यावी लागते, म्हणजे ५०० रुपये घ्यायचे तर ५०००० लिहायचे. त्यांच्या माहितीपत्रात ते स्पष्ट आहे, माणूस एकदा वाचतो आणि लक्षात ठेवतो. आता त्यावर तुम्ही एजंटसाठी टूल बनवलं आणि रकान्याला नुसतं ‘रक्कम’ नाव दिलं, तर मॉडेल ५०० लिहिणार आणि गिऱ्हाइकाला ५ रुपयांचं बिल जाणार. यात मॉडेलचा काय दोष? ‘रक्कम पैशांत, १ रुपया म्हणजे १००’ एवढं लिहिलं असतं तर झालं असतं, आणि त्याहून चांगलं म्हणजे रकान्याचं नावच ‘amount_in_paise’, म्हणजे ‘रक्कम पैशांत’, असं ठेवायचं.

मॉडेल बनवणाऱ्यांनाही हाच अनुभव आलाय. अँथ्रॉपिकने डिसेंबर २०२४ मध्ये लिहिलं होतं की त्यांचा कोड दुरुस्त करणारा एजंट फाइलचा पत्ता लिहिताना चुकायचा, कारण पत्ता ‘तू आत्ता जिथे उभा आहेस तिथून’ अशा हिशेबाने घेतला जायचा, आणि एजंट दुसऱ्या फोल्डरमध्ये गेला की तो पत्ता लागू पडायचा नाही. आपण रस्त्यावरच्या माणसाला ‘इथून डावीकडे’ सांगतो तसं, माणूस पुढच्या चौकात गेला की ते डावीकडे राहतच नाही. त्यांनी टूलचा नियमच बदलला, नेहमी पूर्ण पत्ता द्यायचा, आणि त्या चुका थांबल्या. मला यातलं आवडलं ते हे की त्यांनी समजावून सांगायला दहा वाक्यं वाढवली नाहीत, चुकायला जागाच ठेवली नाही.

दुसरा किस्सा त्यांचाच, सप्टेंबर २०२५ मध्ये सांगितलेला. क्लॉडला वेबवर शोधायचं टूल दिलं तेव्हा ते शोधायच्या शब्दांपुढे गरज नसताना २०२५ जोडायचं, त्यामुळे निकाल बिघडायचे. तो घोळ डिस्क्रिप्शन सुधारून गेला.

## मग पानभर लिहायचं का?

नाही, आणि इथे थोडा हिशेब समजून घ्यायला लागेल. मॉडेल मजकूर वाचतं तो शब्दांचे तुकडे करून, त्या तुकड्याला टोकन म्हणतात, आणि पैसे टोकनवर लागतात. टूल्सची यादी प्रत्येक वेळी सोबत जाते, म्हणजे मामांनी नुसतं ‘नमस्कार’ म्हटलं तरी सगळी डिस्क्रिप्शनं वाचली जातात. पैशापेक्षा मोठी अडचण म्हणजे यादी फार लांबली की मॉडेल चुकीचं टूल उचलायला लागतं.

पण कात्री कुठे लावायची यात लोक चुकतात. वाक्यं कापण्याआधी टूल्स कापा. अँथ्रॉपिकचा सल्ला आहे की प्रत्येक टूलला किमान तीन-चार वाक्यं तरी द्या, आणि ओपनएआय म्हणतं की एका वेळी शक्यतो वीसच्या आत टूल्स ठेवा, दोन्ही एकत्र वाचले की दिशा कळते. आमच्याकडे एका टप्प्यावर चार टूल्स होती, आजचा भाव, कालचा भाव, आठवड्याचा भाव आणि सगळ्यात जास्त भाव, आणि मॉडेल त्यांच्यात गोंधळायचं, कारण ‘आज सगळ्यात जास्त भाव कुठे’ हा प्रश्न दोन डब्यांत बसतो. चारांचं एक केलं, तारखेच्या रकान्यात ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ घेतलं, आणि गोंधळ संपला.

कापायचंच तर कौतुक कापा. ‘हे अत्यंत वेगवान आणि उपयुक्त टूल आहे’ याने मॉडेलला काहीही कळत नाही. आणि ‘नेहमी हेच टूल वापरा’ असं ठासून तर अजिबात लिहू नका, मग मामा पावसाचं विचारतात आणि एजंट कांद्याचा भाव काढायला धावतो. त्याजागी कधी वापरायचं आणि कधी नाही हे दोन वाक्यांत सांगा. ‘कधी नाही’ हे वाक्य सगळ्यात जास्त वेळा गाळलं जातं आणि माझ्या अनुभवात तेच सगळ्यात जास्त कामाला येतं.

## मराठीत लिहिलं तर चालतं का?

डिस्क्रिप्शन मराठीत चालतं, मॉडेलला समजतं. टूलचं नाव मात्र ओपनएआय आणि अँथ्रॉपिक दोघांकडे इंग्रजी अक्षरं, आकडे, अंडरस्कोर (_) आणि जोडरेघ (-) यांतच द्यावं लागतं. आणि तोच मजकूर देवनागरीत लिहिला की साधारणपणे इंग्रजीपेक्षा जास्त टोकन लागतात. म्हणून आम्ही मूळ डिस्क्रिप्शन इंग्रजीत ठेवलं आणि जिथे शब्द आपल्या मातीतला आहे तिथे तो मराठीतच लिहिला.

आणि असे शब्द बरेच निघतात. मामा उन्हाळ कांद्याला गावठी म्हणतात, बाजारभावाच्या यादीत ‘उन्हाळी’ लिहिलेलं असतं, एजंट यादीत ‘गावठी’ शोधत बसायचा आणि सापडलं नाही म्हणून सांगायचा. आता रकान्यातच लिहिलंय की गावठी म्हटलं तर उन्हाळी समजा. हे काम बंगळुरूला किंवा अमेरिकेत बसलेला माणूस करून देणार नाही, ते शब्द ज्यांच्या तोंडात आहेत त्यांनीच लिहून द्यायला हवेत, मग ते बाजार समितीचे असोत, दवाखान्यातले असोत की तलाठी कार्यालयातले.

## काहीच सापडलं नाही तर?

एका सुट्टीच्या दिवशी लिलाव बंद होते. टूलने रिकामी यादी परत दिली. एजंटने मामांना सांगितलं, ‘आज लासलगावला कांद्याला भाव नाही.’

शेतकऱ्याच्या कानाला ‘भाव नाही’ या दोन शब्दांचा अर्थ काय होतो ते वेगळं सांगायला नको. मामांच्या पोटात गोळा आला, त्यांनी शेजाऱ्याला विचारलं तेव्हा कळलं की आज मार्केटच बंद आहे.

म्हणून टूलने परत काय द्यायचं हेही तितकंच जपून लिहायचं, कारण मॉडेल तेही वाचतं आणि त्यावरूनच पुढचं पाऊल टाकतं. आता रिकाम्या यादीऐवजी हे जातं: ‘या तारखेची नोंद नाही. लिलाव बंद असेल किंवा आकडे अजून आले नसतील. शेवटची नोंद अमुक तारखेची आहे, ती तारखेसकट सांगा.’ नावात चूक झाली तर नुसतं ‘एरर ४०४’ न देता ‘हे नाव सापडलं नाही, जवळची नावं लासलगाव, लासलगाव-निफाड, लासलगाव-विंचूर’ असं जातं, आणि बहुतेक वेळा मॉडेल मामांना न विचारता स्वतःच दुरुस्त करून परत प्रयत्न करतं.

## चिठ्ठी म्हणजे कुलूप नाही

कोणी म्हणेल, मग सगळंच डिस्क्रिप्शनमध्ये लिहू, ‘पैसे पाठवण्याआधी मालकाला विचारा’, ‘फाइल डिलीट करू नका’. लिहा, पण त्यावर विसंबू नका. ती विनंती आहे, बहुतेक वेळा पाळली जाईल, एखाद्या वेळी नाही. पैसे, डिलीट, दुसऱ्याला मेल, अशा गोष्टींची परवानगी कोडमध्येच अडवायला हवी, माणसाने ‘हो’ म्हटल्याशिवाय पुढे जाताच येऊ नये.

उलट बाजूनेही धोका आहे. एप्रिल २०२५ मध्ये इन्व्हेरिअंट लॅब्ज नावाच्या कंपनीने करून दाखवलं की दोन आकड्यांची बेरीज करणाऱ्या एका साध्या टूलच्या डिस्क्रिप्शनमध्ये लपवून लिहिता येतं की आधी वापरणाऱ्याच्या कॉम्प्युटरवरची खासगी फाइल वाच आणि त्यातला मजकूर या रकान्यात भरून पाठव. वापरणाऱ्याला स्क्रीनवर बेरजेचं साधं टूल दिसतं, मॉडेल मात्र पूर्ण मजकूर वाचतं आणि तसं वागतं. याला त्यांनी टूल पॉयझनिंग नाव दिलं. त्यामुळे बाहेरचं एमसीपी टूल जोडताना त्याचं डिस्क्रिप्शन पूर्ण उघडून, शेवटच्या ओळीपर्यंत स्वतः वाचा.

## नीट लिहिलंय हे कळणार कसं

वाचून नाही कळत, चालवून कळतं. आम्ही मामा आणि त्यांच्या दोन मित्रांचे खरे प्रश्न जमवले, तीसेक झाले, जसे बोलले तसेच ठेवले, शुद्धलेखन सुधारलं नाही. डिस्क्रिप्शनमध्ये एक शब्द जरी बदलला तरी ते तीस प्रश्न परत चालवायचे, आणि उत्तर बघण्याआधी मॉडेलने कुठलं टूल उचललं आणि रकान्यांत काय भरलं ते बघायचं. उत्तर गोड लिहिलेलं असतं, चूक रकान्यात असते.

त्या तिसांत एक प्रश्न बरेच दिवस सुटत नव्हता. ‘परवाचा भाव सांग.’ मराठीत परवा मागचाही असतो आणि पुढचाही, ‘परवा काय भाव होता’ आणि ‘परवा काय भाव निघेल’ यांत क्रियापदावरून कळतं, पण या वाक्यात तसं काहीच नाही. मॉडेल कधी दोन दिवस मागे जायचं, कधी दोन दिवस पुढे, पुढच्या तारखेला नोंद नसायची आणि ते ‘लिलाव बंद असेल’ म्हणून मोकळं व्हायचं. शेवटी तारखेच्या रकान्यात लिहिलं: ‘या टूलमध्ये फक्त झालेले भाव आहेत, म्हणून नुसतं परवा म्हटलं तर मागचा परवा धरा, आणि उत्तरात वार आणि तारीख दोन्ही लिहा.’ मामांनी गुरुवारी विचारलं तेव्हा उत्तर ‘मंगळवारचा भाव’ म्हणून आलं, खाली तारीख, तीन दर, आणि प्रत्येकापुढे रुपये प्रति क्विंटल.